बोलण्याचा खर्च

केळीच्या बागेत खोचलेला सेन्सर मातीचा ओलावा मोजतो, तेव्हा त्याच्या बॅटरीला ते फारसं जाणवत नाही. बॅटरी संपते ती मोजलेला आकडा पुढे सांगण्यात, आणि त्याहूनही जास्त, कोणी आपल्याशी बोलेल म्हणून कान लावून बसण्यात. जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शिकवते. दर वर्षी नव्या वर्गाला हे पटवायला मला वेळ लागतो. मुलांना वाटतं, ऐकणं फुकट असतं.

फळ्यावर हिशेब मांडला की पटतं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातून 2004 च्या सुमारास 'टेलॉस' नावाचा एक छोटा नोड बाहेर पडला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. नोड म्हणजे सेन्सर, छोटा प्रोसेसर, रेडिओ आणि बॅटरी असं एकत्र बांधलेलं यंत्र. या नोडचा रेडिओ निरोप पाठवताना साधारण 17 मिलिअँपिअर वीज घेतो आणि नुसतं ऐकताना जवळजवळ 19. झोपलेला अख्खा नोड मात्र काही मायक्रोअँपिअरवर भागवतो, म्हणजे हजारो पटींनी कमी. 2400 मिलिअँपिअर-तास क्षमतेचे दोन पेन्सिल सेल घातले आणि रेडिओ सतत चालू ठेवला, तर पाच दिवसांत खेळ खलास. तोच रेडिओ शंभर भागांतला एकच भाग जागा ठेवला, तर वर्ष उलटून जातं. कोणी कधी जागं राहायचं, कोणाचा निरोप कोणाच्या हातून जायचा आणि कधी गप्प बसायचं, एवढ्या तीन प्रश्नांवर वायरलेस सेन्सर नेटवर्कचं बहुतेक सगळं शास्त्र उभं आहे.

हा विषय मी पुस्तकातून शिकले, पण त्याची निकड मला कळली ती सासरी. माझं सासर यावल तालुक्यातलं. घरी केळीच्या दोन्ही लागवडी असतात, मृगबागही आणि कांदेबागही. केळीच्या पानावर ओल किती तास टिकली आणि त्या वेळी ऊब किती होती, यावर करपा येणार की नाही ते ठरतं. थंडीत पारा फार खाली उतरला की चरका बसतो, नवं पान निघणं मंदावतं आणि घड खोडातच अडकून राहतो. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे पानं होरपळतात ती वेगळीच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाईचा निकाल बाग पाहून लागत नाही, तापमापीचा आकडा पाहून लागतो. सलग काही दिवस तापमान ठरलेल्या आकड्याच्या खाली किंवा वर राहिलं, तरच पैसे. हे मोजायला राज्याच्या कृषी विभागाने स्कायमेट कंपनीसोबत 2017 पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. राज्यभर ती दोन हजारांच्या वर आहेत. एका मंडळात कितीतरी गावं येतात. थंड हवा जड असते, ती नाल्याकाठच्या खोलगट शिवारात साचते आणि माळावरच्या केंद्राला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ही मोजणी आणखी खाली, ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा विचार केंद्र सरकारच्या 2023 च्या 'विंड्स' योजनेत आहे. तो फार आधी व्हायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. एका आकड्यावर एखाद्या घराचं वर्ष अवलंबून असेल, तर तो आकडा त्या घराच्या शिवारातलाच असला पाहिजे.

शेतात असं जाळं पसरण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये झालेला आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक उदय देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुला वाइनयार्ड्समध्ये 'ॲग्रीसेन्स' नावाचं सेन्सरचं जाळं उभारलं. तापमान, आर्द्रता, मातीचा ओलावा आणि पानावरची ओल यांच्या नोंदी द्राक्षमळ्यातून थेट मुंबईला जात. द्राक्षाचा मळा मांडवावर चढलेला असतो, खाली मोकळं असतं. केळीची गोष्ट निराळी आहे.

ती निराळी कशी, हे घरच्या बागेत नोड लावल्यावर माझ्या धाकट्या दिरांनी एका वाक्यात विचारलं होतं. "वहिनी, लागवडीच्या वेळी सगळे नोड बोलत होते, आता घड निसवले तर निम्मे मुके कसे झाले?"

सेन्सर तेच होते आणि बॅटऱ्याही चांगल्या होत्या. बदलली होती ती बाग. लागवड होते तेव्हा रोप वीतभर असतं आणि एका नोडवरून दुसरा नोड डोळ्यांना दिसतो. सात-आठ महिन्यांनी तिथेच डोक्यावर जाणारं रान उभं राहतं. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर एकरात सतराशे-अठराशे खोडं बसतात, आणि केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी पाणी शोषून घेतं. म्हणजे आपण दोन नोडांच्या मध्ये एकामागे एक पाण्याचे खांब रोवले, वर हात-हात रुंद पानांचं छत घातलं, आणि मग निरोप का पोचत नाही म्हणून विचारतो आहोत. भाऊजींना हे बागेतच दाखवलं. हातातल्या मीटरवर सिग्नलचा आकडा पाहत आम्ही सरीतून चालत गेलो. पाटाच्या मोकळ्या कडेने तो आकडा बराच टिकला. तोच खोडांच्या ओळी आडव्या कापत गेलं, की चार-पाच ओळींत घसरत होता.

नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात 2005 साली असाच अनुभव आला. करपा पडायच्या आत सावध व्हावं म्हणून तिथल्या संशोधकांनी शंभराच्या आसपास नोड लावले. प्रोग्रॅममधल्या चुका आणि बॅटऱ्या यांनी मिळून असा घात केला की अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम दोन टक्के हाती लागल्या. त्यांनी ते सगळं मोकळेपणाने लिहून प्रसिद्ध केलं आणि मी तो लेख प्रत्येक वर्गाला वाचायला लावते. आपल्याकडे प्रकल्प-अहवालात सहसा मोकळं मैदान असतं, शंभर बाय शंभर मीटरचं, त्यात शंभर नोड शिंपडलेले आणि सगळं संगणकाच्या पडद्यावर. त्या मैदानात केळी कधी वाढत नाही.

बाग वाढते तसा रस्ता बदलला पाहिजे, हे यातून निघतं. यालाच राउटिंग म्हणतात, निरोपाची वाट ठरवणं. सरळ विचार केला तर सर्वांत कमी टप्प्यांची वाट उत्तम. पण लांबचा एक टप्पा धूसर असेल, तर तोच निरोप तीन-चारदा पाठवावा लागतो आणि दर वेळी बॅटरी जळते. एमआयटीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये सोपं माप दिलं: टप्पे मोजू नका, निरोप पोचेपर्यंत सरासरी किती वेळा पाठवावा लागतो ते मोजा. या मापाने पाहिलं तर बागेच्या कडेकडेने, पाटाच्या मोकळ्या पट्ट्यातून जाणारी लांबची वाट मधून जाणाऱ्या जवळच्या वाटेपेक्षा स्वस्त पडते.

आता अन्यायाचा मुद्दा. मला या शास्त्रात सर्वांत जास्त रस आहे तो इथे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत वीज असते, तिथे सिमकार्डवाला गेटवे बसतो आणि बागेतले सगळे निरोप त्याच्याकडे जातात. साहजिकच त्या खोलीजवळचे दोन-तीन नोड स्वतःचं सांगतात आणि मागच्या सगळ्यांचंही वाहतात. ते सर्वांत आधी मरतात. ते मेले की मागचे पंचवीस धडधाकट असूनही मुके होतात. संपूर्ण जाळ्याचं आयुष्य सर्वांत जास्त ओझं वाहणाऱ्या नोडइतकंच उरतं.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथे फड पद्धत होती, आणि ओझं कसं वाटून घ्यायचं हे मला तिथूनच समजलं, असं मी म्हणेन. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटाखालचं थळ, म्हणजे भिजणारं शिवार, फडांत विभागलेलं. एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि दर वर्षी फडांची पिकं आलटून-पालटून. यातली खरी करामत जमिनीच्या वाटणीत आहे. शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच फडात नसायची, प्रत्येक फडात त्याचा एकेक तुकडा असायचा. पाणी कमी पडलं तर पंच एखादा फड कोरडा ठेवत. त्यात सगळ्यांचाच थोडा-थोडा तुकडा वाळायचा, कोणी एकटा बुडायचा नाही. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचं धान्य सगळ्यांच्या वाट्यातून. माहेरची वडीलधारी माणसं सांगायची, रात्री पाळी आली की घरातलं कोणीतरी चारीवर उभं असायचंच. पाळी नसेल तेव्हा मात्र निवांत झोपायचं, कारण पाणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असायचं. पुढे नदीवर वर धरणं झाली, शिवारात विहिरी झाल्या, आणि ही पद्धत आता थोड्याच बंधाऱ्यांवर उरली आहे.

एमआयटीतच वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 2000 साली 'लीच' नावाची पद्धत मांडली. तिची कल्पना याच जातीची आहे. नोडांचे गट पाडायचे. प्रत्येक गटाचा एक मुखिया. बाकीचे आपला आकडा जवळच्या मुखियाला सांगून झोपी जातात. मुखिया सगळे आकडे एकत्र करून, आटोपशीर करून पुढे पाठवतो. हे काम जड, म्हणून ते कायमचं एकाच्या गळ्यात पडत नाही. ठरावीक वेळाने नवी फेरी, नवे मुखिये, आणि जो नुकताच होऊन गेला त्याला काही फेऱ्या सुट्टी. गटातल्या प्रत्येकाला बोलण्याची वेळ नेमून दिलेली असते, त्या वेळेखेरीज रेडिओ बंद. पुढे 2004 मध्ये 'हीड' नावाच्या पद्धतीत मुखिया निवडताना कोणाच्या बॅटरीत किती जीव शिल्लक आहे, हेही पाहायला सुरुवात झाली.

लीचमध्ये एक गृहीत आहे: कोणताही नोड मुखिया झाला तरी त्याचा आवाज थेट गेटवेपर्यंत पोचेल. भरलेल्या केळीबागेत हे खरं ठरत नाही. म्हणून घरच्या दहा-बारा एकरांसाठी कोणी मला विचारलं, तर मी आज सरळ 'लोरा' रेडिओ सुचवते. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्या लांब लहरी पानांतून बऱ्या निघतात. गेटवेचा अँटेना बागेच्या वर काढला, तर प्रत्येक नोड त्याच्याशी थेट बोलतो आणि कोणालाच कोणाचं ओझं वाहावं लागत नाही. पण इथेही दूरच्या नोडला हळू बोलावं लागतं. सर्वांत लांब पल्ल्याच्या सेटिंगवर तोच निरोप हवेत वीसपटीहून जास्त वेळ राहतो आणि तितकी बॅटरी खातो. तेव्हा अँटेना आणखी दोन मीटर उंच न्यायला जो खर्च येतो, तो बॅटऱ्यांत भरून निघतो. दुकानदार हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. उन्हाचंही तसंच. आपल्याकडे उघड्यावरचा बंद डबा मे महिन्यात आतून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि उष्णतेत सेल लवकर म्हातारे होतात. पांढरा, हवा खेळती ठेवणारा, सावलीतला डबा हाही ऊर्जा वाचवण्याचाच भाग आहे.

गप्प बसण्याचंही शास्त्र आहे. दर दहा मिनिटांनी "ओलावा तेवढाच" असं सांगण्यात अर्थ नसतो. आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा बदलला तरच बोलायचं, असा नियम घातला की बरीच बोलणी वाचतात. 'ट्रिकल' नावाची 2004 सालची एक पद्धत तर शेजाऱ्यांचं ऐकते. सगळे तेच सांगत असतील तर स्वतः गप्प राहते आणि गप्प राहण्याचा काळ दर वेळी दुप्पट करते. कुठे काही वेगळं ऐकू आलं, की लगेच भराभर बोलायला लागते. 2012 मध्ये जगासाठी ठरलेल्या 'आरपीएल' या राउटिंग प्रमाणकातही हीच पद्धत घेतली आहे. जानेवारीत यावल-रावेरकडे पहाटे पारा उतरू लागतो, तेव्हा लोक बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि ठिबक चालू करतात. त्या तासाभरात सेन्सरने दर मिनिटाला बोललं तरी चालेल. त्या तासासाठीच त्याने उरलेलं वर्ष झोप काढलेली असते.

शेतातून रस्त्यावर आलं, की एकमेकांशी बोलणाऱ्या वाहनांच्या जाळ्यात कोडं उलटं होतं. गाडीत विजेची ददात नाही, इंजिन चालू आहे तोवर बॅटरी भरत राहते. तिथे टिकत नाही तो शेजार. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला येणारा 53 क्रमांकाचा महामार्ग घ्या. समोरासमोरून दोन वाहनं ताशी 80 किलोमीटरने आली, तर ती सेकंदाला 44 मीटर वेगाने एकमेकांजवळ येतात. रेडिओचा पल्ला तीनशे मीटर धरला, तर भेट झाल्यापासून तुटेपर्यंत तेरा-चौदा सेकंद मिळतात. चार्ल्स पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांच्या 1999 च्या 'एओडीव्ही' पद्धतीत गरज पडली की शेजाऱ्यांना "अमक्याकडे जायची वाट कोणाला ठाऊक आहे का" असं विचारत जातात आणि सापडलेली वाट लक्षात ठेवतात. महामार्गावर उत्तर येईपर्यंत ती वाटच पुढे निघून गेलेली असते. म्हणून ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी 2000 मध्ये वाट लक्षात ठेवणंच सोडून दिलं. आपण कुठे आहोत आणि शेजारी कुठे आहेत हे जीपीएसवरून कळतं, मग निरोप त्या क्षणी ठिकाणाच्या सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. पुढचं तो पाहील.

पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, हा निरोप मात्र कोणा एकाला पाठवून भागत नाही, मागच्या सगळ्यांना कळला पाहिजे. ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो पुन्हा सांगितला तर टोलनाक्याजवळच्या गर्दीत एकच गलका होतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. तैवानच्या संशोधकांनी 1999 मध्ये हा धोका मोजून दाखवला. त्यावर एक तोड अशी: ज्याने सर्वांत दुरून ऐकलं त्याने आधी बोलायचं आणि मधल्यांनी ते ऐकून गप्प बसायचं. इथेही नेटवर्क वाचतं ते गप्प बसणाऱ्यांमुळे.

आपल्या रस्त्यांवर गाडीने गाडीशी बोलणं अजून दूर आहे. पण 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-140 या प्रमाणकाचं स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळचं बटण बंधनकारक आहे. ते यंत्र शेजारच्या गाडीशी बोलत नाही, मोबाईल टॉवरशी बोलतं. तरी जीपीएस, सिम आणि प्रोसेसर असलेला एक डबा गाडीत आला, हे मला मोठं वाटतं.

कारण चालती गाडी स्वतःच निरोप्या होऊ शकते. कर्नाटकात दोड्डबल्लापूर भागात 2003 च्या सुमारास 'डाकनेट' हा प्रयोग झाला. बसमध्ये वायफायचा डबा, गावातल्या संगणकाजवळून बस गेली की तेवढ्या वेळात देवघेव, आणि बस शहरात पोचली की सगळं पुढे रवाना. आयआयटी मुंबई आणि कानपूरच्या कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये रेल्वेपुलांसाठी 'ब्रिमॉन' मांडलं. पुलावरचे नोड झोपलेले असतात, येणाऱ्या गाडीची चाहूल लागली की जागे होतात, गाडी जाताना पुलाची कंपनं मोजतात आणि नोंदी जाणाऱ्या गाडीलाच देऊन पुन्हा झोपतात. चार पेन्सिल सेलांवर दीड वर्ष काम चालेल, असा त्यांचा अंदाज होता. भुसावळला तापीच्या पुलावरून रात्रंदिवस गाड्या जाताना पाहिल्या की मला हमखास हे काम आठवतं. पुलाजवळ टॉवर नको, वीज नको, आणि निरोप नेणारा रोज न चुकता येतोच.

हे आपल्या एसटीवर करून पाहावं असं मला फार वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत आणि पाड्यांवर मोबाईलची रेंज आजही धड नसते, पण मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी येते, रात्रभर गावात उभी राहते, पहाटे तालुक्याला निघते. त्या रात्री शिवारातल्या नोडांनी, गाडी उभी आहे तेवढ्याच वेळात, ठरवून दिलेल्या पाळीने आपापल्या दिवसभराच्या नोंदी गाडीला द्याव्यात आणि आगारात त्या उतरवून घ्याव्यात. नोडांना दूरवर ओरडावं लागणार नाही आणि दिवसभर ऐकत बसावं लागणार नाही. पहिली चाचणी ओलाव्याच्या आणि पानावरच्या ओलीच्या नोंदींवर घ्यावी. त्या अर्धा दिवस उशिरा आल्या तरी पिकाचं काही बिघडत नाही, आणि करप्याची फवारणी कधी करायची हे ठरवायला तेवढं पुरतं. थंडीचा इशारा गाडीसाठी थांबू शकत नाही. त्यासाठी रेंज असलेल्या उंच जागी एक गेटवे वेगळा ठेवावा लागेल, आणि त्याची बॅटरी रोजच्या बोलण्यात खर्ची पडू द्यायची नाही.